परसातील मांसल पक्षी : चाकण पट्ट्यातील कोंबड्या आणि बदके

भारतातील ब्रॉयलर उद्योगाचा इतिहास पुणे जिल्ह्याला वगळून लिहिता येत नाही. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय पुण्यात आहे, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा कारभारही येथूनच चालतो, आणि उरुळी कांचन येथे राव यांच्याच नावाने कुक्कुटव्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे. अशा जिल्ह्यात, पिंपरी-चिंचवडच्या उपनगरांत किंवा चाकणभोवतीच्या निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या गावांत घरामागच्या अर्ध्या गुंठ्यावर दहा-वीस पक्षी मांसासाठी वाढवणाऱ्या कुटुंबाने बाजारभावाशी स्पर्धा करण्याचा विचार सोडून द्यावा, कारण हजारो पक्ष्यांच्या शेडइतका कमी खाद्यखर्च परसाला कधीच साधत नाही. परसाच्या पदरात पडते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे पक्ष्याने काय खाल्ले, काय प्याले आणि कशावर झोपला याची खात्री. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात नेमकी हीच खात्री सर्वांत लवकर निसटते.

पक्ष्याची निवड

ब्रॉयलर म्हणजे केवळ मांसासाठी निवडपद्धतीने घडवलेला संकरित पक्षी. तो सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास जातो, मात्र वाढीच्या या वेगामुळे त्याचे पाय आणि हृदय सतत ताणाखाली असतात आणि चाकणच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात, विशेषतः पत्र्याच्या छपराखाली, तो धापा टाकत मरतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ‘वनराजा’ आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची ‘गिरिराजा’ या जाती परसासाठीच तयार झाल्या. त्यांचे नर तीन महिन्यांच्या सुमारास कापण्याजोगे होतात, तर माद्या अंड्यांसाठी ठेवता येतात. झाबुआचा कडकनाथ नावाजलेला असला तरी किलोभर वजनाला चार-पाच महिने घेतो, म्हणून मांसाचा हिशेब मांडणाऱ्याने त्याच्याकडे हौस म्हणूनच पाहावे.

बदकांमध्ये मांसासाठी पांढरे पेकिन हीच मुख्य जात आहे. मूळची चिनी असलेली ही जात १८७३ मध्ये अमेरिकेत पोहोचली आणि तेथून जगभर पसरली. ती सात-आठ आठवड्यांत कापणीस येते. हे वय नेमके साधावे लागते, कारण त्यानंतर बदक पिसे टाकू लागते आणि कातडीतून नुकत्याच फुटणाऱ्या नव्या पिसांचे खुंट उपटता उपटता हात दुखून येतात. दक्षिण अमेरिकी मस्कोव्ही बदक सावकाश वाढते, मात्र ते जवळजवळ मुके असल्याने भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत तेच सोयीचे ठरते. घरची खुडूक कोंबडी रवणाला बसवून बदकाची अंडीही उबवता येतात. फक्त कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस पुरतात, तर पेकिनला २८ आणि मस्कोव्हीला ३५ दिवस लागतात, आणि इतका काळ बसून राहील अशी शांत कोंबडी निवडावी लागते.

अंथरूण, खाद्य आणि पाणी

पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते व पुढे ती दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करतात. पायाखाली भाताचे तूस किंवा लाकडाचा कीस अंथरतात, त्याला ‘लिटर’ म्हणतात. चाकण-भोसरीत यंत्रांच्या पेट्या आणि पॅलेट बनवणाऱ्या कारखान्यांकडून हा कीस सहज मिळतो, पण तो घेण्याआधी लाकडावरचा शिक्का पाहणे आवश्यक आहे. निर्यातीच्या लाकडावर ‘एचटी’ असेल तर ते केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले लाकूड, आणि ते किंवा तेलाने माखलेले लाकूड पक्ष्यांखाली घालू नये. लेथवर निघणारी लोखंडाची बर, तारेचे तुकडे आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या खिळ्यांपासूनही अंगण राखावे लागते, कारण पक्षी चकाकणारी वस्तू टिपतो, ती पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायुमय जठरात, अडकते आणि तेथे जखम किंवा विषबाधा करते.

कंपन्यांच्या कॅन्टीनमधील उरलेले अन्न फुकटचे खाद्य वाटते, परंतु त्यातील मीठ आणि तेल पिल्लांना सोसत नाही. मक्याचा भरडा, तांदळाची कणी, सोयाबीन पेंड आणि खनिज मिश्रण हा पाया धरावा. बदकांना कोंबड्यांपेक्षा नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व बरेच जास्त लागते आणि ते कमी पडले की पिल्लांचे पाय वाकतात. शेंगदाणा पेंडीत नायसिन भरपूर असले तरी पावसाळी दमटपणात तिच्यावर धरणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, आणि त्याला बदकाइतका नाजूक पाळीव पक्षी दुसरा क्वचितच असेल. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या अशाच पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की मेल्या, बदकांची पिल्लेही दगावली, आणि त्या शोधातूनच या विषाची ओळख पटली. म्हणून नायसिनसाठी बदकांना शेंगदाणा पेंडीऐवजी थोडे यीस्ट देणे अधिक सुरक्षित ठरते.

बदकाला पोहण्यासाठी तळे लागत नाही. चोच आणि डोळे बुडतील एवढे खोल भांडे पुरते, आणि ते जाळीखालच्या चरावर ठेवले की चिखल होत नाही. इंद्रायणी व पवनेच्या सध्याच्या प्रदूषित पाण्यावर मांसाची बदके सोडणे म्हणजे ते सांडपाणी ताटात आणणे होय.

रोग आणि औषधे

राणीखेत, म्हणजेच मानमोडी, हा विषाणूजन्य रोग एका रात्रीत खुराडे रिकामे करतो. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि जास्त दिवस ठेवायच्या पक्ष्यांना पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी लस देणे हाच त्यावरचा उपाय आहे. ओल्या लिटरमधून रक्ती हगवण पसरते, आणि बदके सगळे ओले करतात, म्हणून कोंबड्या आणि बदके यांचे निवारे वेगळेच हवेत. याला दुसरे कारण बर्ड फ्लूचे आहे, कारण बदक अनेकदा लक्षण न दाखवता त्याचा विषाणू वाहून नेते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला उद्रेक झाला, तेव्हा परसातले निरोगी पक्षीही मारावे लागले. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवणे २००९ च्या प्राणिरोग कायद्याने बंधनकारक केले आहे.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्याच्या थोडेच आधी अमेरिकेत प्रतिजैविकांच्या अल्प मात्रेने पिल्ले लवकर वाढतात असे आढळले होते. खाद्यात अशी मात्रा घालण्याच्या प्रथेतून औषधांना न जुमानणारे जंतू वाढले आणि भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा अन्नप्राण्यांतील वापर थांबवला. खाद्यातून औषध न देणे परसाला सहज जमते, आणि दुकानातल्या कोंबडीपेक्षा त्याचे वेगळेपण येथेच दिसते.

हंगाम आणि कापणी

मराठी घरात मांसाची मागणी तिथींवर हलते. श्रावण लागला की चूल शाकाहारी होते, आणि देहू-आळंदीच्या परिसरातील माळकरी घरांत ती बारमाही तशीच असते. आषाढी अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या, बेताने मागे मोजल्यास वनराजाची पिल्ले चैत्र अमावास्येला, पेकिनची वैशाख अमावास्येनंतर आठवडाभराने आणि ब्रॉयलरची ज्येष्ठ पौर्णिमेला आणावी लागतात. यातील पहिल्या तुकडीला ऐन उन्हाळा सोसावा लागत असल्याने तिच्यासाठी सावली आधी आणि पिल्ले नंतर, हा क्रम पाळावा.

कापण्यापूर्वी आठ-दहा तास खाद्य बंद करून पाणी चालू ठेवतात, त्यामुळे आतडी रिकामी राहून मांस खराब होत नाही. पिसे, आतडी आणि विष्ठा गटारात न सोडता कोरड्या लिटरसह खड्ड्यात पुरून कुजवावीत. महानगरपालिका हद्दीत पक्षी पाळण्याआधी तिच्या पशुवैद्यकीय विभागाकडून नियम समजून घ्यावेत, आणि शेजाऱ्यांचाही विचार घ्यावा, कारण वास आणि आरव यांची पहिली तक्रार त्यांचीच असते. स्वच्छ कीस, कोरडे खाद्य आणि नळाचे पाणी एवढी तीन कामे वर्षभर नेमाने करता येतील तेवढेच पक्षी ठेवावेत. ते ज्या घराला जमणार नाही, त्याने चौकातल्या दुकानातून कोंबडी आणणे स्वस्तही पडते आणि सुरक्षितही.