मीठ पडलं, सोडा बसला
वीस अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं आणि खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. मग दोन्ही एकाच भांड्यात घातले तर साडेपंचेचाळीस ग्रॅम मावतील, असं वाटणं साहजिक आहे; पण ते तेवढे मावत नाहीत. तक्त्यातला प्रत्येक आकडा तो क्षार पाण्यात एकटा असतानाचा असतो. एकदा विरघळल्यावर मिठाचं सोडियम वेगळं आणि सोड्याचं वेगळं, असा हिशेब राहत नाही. सगळं सोडियम सामाईक होतं. ते वाढलं की बायकार्बोनेटला जोडीदार सहज मिळतो आणि सोडा पुन्हा घट्ट होऊन खाली बसतो. हे घरीही पाहता येतं. तळाशी थोडा उरेपर्यंत सोडा पाण्यात ढवळावा, वरचं नितळ पाणी दुसऱ्या ग्लासात काढावं आणि त्यात दोन-तीन चमचे मीठ घालून पुन्हा ढवळावं. पाणी दुधाळ होतं आणि काही वेळाने तळाशी बारीक पांढरा साका जमतो. हा साका मिठातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कशावरून नाही? शंका रास्त आहे, कारण खडेमिठात ते असतातच. वरचं पाणी ओतून साक्यावर भरपूर साधं पाणी घालावं. सोडा असेल तर विरघळून जाईल. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ढिम्म हलणार नाही.

दुसरा आक्षेप असा की सोडियमचं नाव कशाला, पाणी मिठानेच गच्च भरलं म्हणून सोडा बाहेर पडला. पण मिठाने संपृक्त झालेल्या पाण्यात साखर भरपूर विरघळते. तेव्हा प्रश्न निव्वळ जागेचा नाही. या आक्षेपात थोडं तथ्य मात्र आहे. इतक्या दाट पाण्यात आयन एकमेकांना ओढतात, पाण्याचे रेणूही अडकवून ठेवतात, त्यामुळे विद्राव्यता गुणाकाराचं शाळेतलं सूत्र लावून काढलेलं उत्तर नेमकं येत नाही. तरी सोडा कमी विरघळणार, ही दिशा बदलत नाही. अर्नेस्ट सॉल्वेची १८६१ सालची पद्धत याच दिशेवर चालते: दाट मिठवणीत अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडला की सगळ्यांत कमी विरघळणारं सोडियम बायकार्बोनेट खाली बसतं, आणि ते भाजून धुण्याच्या सोड्याचा कच्चा माल, म्हणजे सोडा ॲश, मिळतो. गुजरातेत मिठापूरला हेच होतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवरात तर मीठ, धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा हे तिन्ही क्षार एकत्र आहेत आणि तिन्हींचं सोडियम सामाईक. त्यात तापमानाची भर. वीस अंशांना धुण्याचा सोडा १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २२ ग्रॅम विरघळतो, चाळीस अंशांना ४९. मीठ मात्र दोन्ही वेळी ३६च्या आसपासच. म्हणजे दुपारच्या उन्हात आटलेलं काठचं डबकं रात्री गार झालं, की आधी धुण्याचा सोडा धरतो आणि मीठ बरंचसं पाण्यातच राहतं. जुन्या नोंदींत इथल्या क्षारांची दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावं सापडतात. क्षार वेचणाऱ्यांना आयन ठाऊक होते, असं म्हणायचं नाही. पण या पाण्यातून एकसारखा ढीग निघत नाही, हे त्यांनी हेरलं होतं आणि ज्याचा त्याचा माल वेगळा ठेवला होता.