गर्भिणीची मळमळ

गर्भारपणाच्या आरंभीच्या अवस्थेला तमिळ भाषेत ‘मसक्कै’ म्हणतात. मळमळ, अन्नाचा तिटकारा आणि एखाद्या पदार्थाची अनावर ओढ ही सर्व त्या एका शब्दात सामावतात. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्दही तसाच. मात्र त्यात कौतुकाचा भाग अधिक आणि ओकाऱ्यांचा कमी. त्यामुळे चेन्नईतील घर असो की पुण्यातील, उलट्यांनी बेजार झालेल्या सुनेला “आम्ही नाही का बाळंतपणे काढली?” हेच पुष्कळदा ऐकावे लागते.

वस्तुतः शेकडा सत्तर ते ऐंशी गर्भिणींना हा त्रास होतो. इंग्रजीत त्याला सकाळचे दुखणे म्हणत असले, तरी मळमळ दिवसाच्या कोणत्याही प्रहरी येते. बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती सुरू होते, नवव्या-दहाव्यात बळावते आणि चौथ्या महिन्यात ओसरते.

हा मनाचा खेळ नव्हे. ‘जीडीएफ-१५’ नावाचे एक संप्रेरक गर्भ व वार यांतून आईच्या रक्तात येते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या वमनकेंद्राला चेतविते. ज्या स्त्रीच्या रक्तात गर्भधारणेपूर्वी ते अत्यल्प असते, तिला ही अचानक झालेली वाढ अधिक बाधते. डिसेंबर २०२३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध करणाऱ्यांत मार्लेना फेझो या शास्त्रज्ञ होत्या. अतिवमनामुळे १९९९ साली त्यांनी स्वतःचा गर्भ गमावला होता.

सौम्य त्रासावर घरगुती उपाय पुरतात. पोट रिकामे राहू देऊ नये. अंथरुणातून उठण्यापूर्वी कोरडे बिस्कीट किंवा चुरमुरे खावेत आणि दर दोन तासांनी थोडेथोडे घ्यावे. गरम अन्नाचा वास अधिक उठतो, म्हणून निवालेली इडली किंवा गार दहीभात सोसतो. फोडणीचा अथवा कॉफीच्या डिकॉक्शनचा वास नकोसा वाटत असेल, तर काही आठवडे स्वयंपाकघर दुसऱ्या कोणी सांभाळावे. हा सल्ला घरातील पुरुषांसाठीही आहे. आल्याने पुष्कळींना आराम पडतो. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्सिलामाइन व ब-६ जीवनसत्त्व यांची गोळी डॉक्टर देतात. अमेरिकेत १९८३ साली खटल्यांच्या धास्तीने ती बाजारातून काढून घेण्यात आली. परंतु गर्भाला तिच्यापासून अपाय होतो असे सिद्ध झाले नाही, आणि २०१३ साली तिला तेथे पुन्हा मान्यता मिळाली.

शंभरांतील एखाद-दुसरीस मात्र अतिवमन होते. दिवसभर पाण्याचा घोटही न ठरणे, लघवी गडद किंवा अगदी थोडी होणे, उभे राहताच घेरी येणे, मूळ वजनाच्या विसाव्या भागाहून अधिक घट होणे, ही त्याची लक्षणे होत. चेन्नईच्या मे महिन्यात, घामावाटे आधीच पाणी जात असता, ही अवस्था फार लवकर ओढवते. अशा वेळी घरी वाट पाहू नये. एग्मोर येथील, १८४४ सालापासून चालत आलेल्या सरकारी प्रसूतिरुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात तिला न्यावे. तेथे शिरेतून क्षारयुक्त पाणी देतात. उलट्या कित्येक दिवस चालू असतील तर ते नातलगांनी आवर्जून सांगावे, कारण शरीरातील ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो, आणि ते न देता ग्लुकोज चढविल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.