मुंबई-लंडन : अंतर तेच, वेळ वेगळी

हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला सुटणारे विमान लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोहोचेल, असे तिकिटावर लिहिलेले असले, तर प्रवास अवघ्या साडेचार तासांचा असल्याचा समज होऊ शकतो. परंतु सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळानुसार छापली जाते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते. ते मिळवले, की प्रवास दहा तासांचा होतो. परतताना हे तास वजा करावे लागतात. रात्री नऊला लंडनहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत येणारे विमान प्रत्यक्षात नऊ तास घेते. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असल्याने हा फरक साडेचार तासांवर येतो.

अंतर तेच असताना जाताना अधिक वेळ का लागतो? याचे मुख्य कारण वारा. दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते आठ तासांत कापता येईल. मात्र, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. त्यांना ‘जेट प्रवाह’ म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक प्रबळ होतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा वाटभर समोरून आला, तर तेच अंतर कापण्यास नऊ तास लागतात. तो पाठीशी असेल, तर सव्वासात तास पुरतात.

दुसरे कारण मार्गाचे. पृथ्वी गोल असल्याने सर्वात जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो. मुंबई-लंडनचा असा मार्ग कराचीजवळून, पूर्व इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांसाठी बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना मनाई केली, तर जून २०२५ मध्ये संघर्षामुळे इराणचे आकाशही काही काळ बंद होते. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो. वेळ आणि इंधन दोन्ही वाढतात आणि त्याचा भार तिकिटाच्या दरावरही पडू शकतो.

शिवाय वेळापत्रकातील वेळ केवळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सारा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे हे सर्व त्यात येते. हीथ्रोसारख्या दोनच धावपट्ट्यांच्या गजबजलेल्या विमानतळावर अशा घिरट्या नेहमीच्याच आहेत.

म्हणूनच लंडनला विमान बदलून पुढे जाणाऱ्यांनी किलोमीटरवरून वेळेचा हिशेब करू नये. पुढचे तिकीट स्वतंत्र काढलेले असेल, तर पहिल्या विमानाच्या विलंबाची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही. सामान घेणे, टर्मिनल बदलणे आणि पुन्हा तपासणी यांना लागणारा वेळ वेगळाच. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घेणे, किंवा मध्ये भरपूर अवधी ठेवणे, हेच शहाणपणाचे.