हुशारी एकटी पुरत नाही

"पोरगं हुशार आहे, कुठेही गेलं तरी नाव काढेल." ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून कल्याण-डोंबिवलीच्या चाळींपर्यंत आरोग्याचे काम करताना हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. त्याच्या जोडीला दुसरेही ऐकतो, "ही डोक्याने कमीच, हिला शिकवून काय करायचं?" दोन्हीकडे सगळा भार बुद्धीवर टाकलेला असतो. आम्हा परिचारिकांना हा हिशोब अपुरा वाटतो.

आपल्या कल्याणचेच उदाहरण घेऊ. आनंदीबाई जोशी इथे १८६५ मध्ये जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. मूल दहा दिवसांत दगावले. पती गोपाळरावांचा शिक्षणाचा आग्रह आणि अमेरिकेतील कार्पेंटर बाईंचा आधार यांमुळे १८८३ मध्ये त्या परदेशी गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जागाही ठरली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने त्यांना नेले. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता. त्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन मात्र १९४०च्या दशकात आले. बुद्धी, जिद्द, पदवी सगळे होते. शरीर टिकले नाही.

बाबासाहेबांच्या प्रज्ञेबद्दल तर बोलायलाच नको. तरी केळुस्कर गुरुजी पाठीशी उभे राहिले, सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा जाता आले ते साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या जोरावर. इकडे संसार रमाईंनी ओढला. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. त्या चौघांत किती हुशारी होती, हे आता कोण सांगणार?

बुद्धी कमी-जास्त असते, हे आम्ही नाकारत नाही. पण आज वस्तीत 'ढ' ठरलेल्या मुलांकडे पाहिले की तीन गोष्टी वारंवार आढळतात.

पहिली, नजर. फळा नीट दिसत नाही, हे मूल स्वतःहून सांगत नाही; सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. अशा वेळी शिकवणीआधी चष्मा लागतो.

दुसरी, रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी पडले की मुलीला धाप लागते, लक्ष टिकत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे.

तिसरी, झोप. शाळकरी वयात रोज नऊ ते बारा तास आणि तेरा वर्षांनंतर आठ ते दहा तास झोप हवी. आई पहाटेची लोकल पकडते, मोठी मुलगी पाणी भरून धाकट्यांचे आवरते आणि पहिल्या तासाला पेंगते.

म्हणून निकाल हाती घेऊन मुलाला बोलण्याआधी एवढे करा. डोळे तपासा. हिमोग्लोबिन पाहा, त्यासाठी कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलगी पोटभर जेवून घेते का, हे विचारा. जंताची गोळी चुकवू नका. पालेभाजी, मोडाची कडधान्ये, सुकट, कलेजी यांतले जे परवडेल ते ताटात असू द्या. वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. आनंदीबाईंना न मिळालेले क्षयाचे औषध आज सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

एवढे केल्याने प्रत्येक मूल पहिले येईल, असे आम्ही म्हणत नाही. पण चष्म्यावाचून किंवा रक्तावाचून मागे पडलेल्या मुलाला 'डोक्याने कमी' म्हणणे तरी थांबेल. विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि आपल्या गल्लीतल्या मुलांच्या तपासणीचा दिवस तिथेच ठरवा.

जय भीम!