छत्री लहान करण्याचा अधिकार

जर्मन भाषेत पॅराशूटला ‘फालशिर्म’ म्हणतात. ‘फाल’ म्हणजे पतन आणि ‘शिर्म’ म्हणजे छत्र, आडोसा. पतनापासून संरक्षण देणारे हे छत्रच लहान करावे, अशी इच्छा परवाना हाती पडल्यावर अनेक स्कायडायव्हरांच्या मनात बळावते, कारण लहान छत्री अधिक वेगाने धावते आणि हाताच्या किंचित ओढीने वळते. इच्छा गैर नाही. परंतु तिच्याभोवती रूढ झालेले काही समज पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : उड्यांची संख्या पुरेशी झाली की लहान छत्रीचा हक्क प्राप्त होतो.

वस्तुस्थिती : जर्मनीत परवाने देण्याचे काम शासनाने ज्यांच्याकडे सोपविले आहे, त्यांत तेथील पॅराशूट क्रीडा संघ येतो, पण परवाना हा स्वतंत्रपणे उडी घेण्याचा दाखला असतो, कोणत्याही मापाच्या छत्रीची सनद नव्हे. शांत हवेत, विस्तीर्ण मैदानावर घेतलेल्या तीनशे उड्या वहीत तीनशेच दिसतात. ज्याला सध्याच्याच छत्रीने निर्वात दिवशी, आडव्या वाऱ्यात आणि किंचित उताराच्या जमिनीवरही सुखरूप उतरता येते, योजलेल्या जागेजवळ पुनःपुन्हा पोहोचता येते, आणि जमीन जवळ आलेली असताना अडथळा दिसल्यास ब्रेक ओढून ठेवून, फारशी उंची न गमावता सपाट वळण घेता येते, त्यानेच पुढील मापाचा विचार करावा.

गैरसमज : एक-दोन मापांनी असा काय फरक पडणार?

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहावा. सामानासह ९० किलो, म्हणजे सुमारे १९८ पौंड, वजनाच्या मनुष्याने २१० चौरस फुटांची छत्री सोडून १७० ची घेतली, तर प्रत्येक चौरस फुटावरील भार ०.९४ पौंडांवरून १.१७ वर जातो. वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. मात्र आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती जवळजवळ २४ टक्क्यांनी अधिक होते, आणि ती सोसावी लागते हाडांना. शिवाय लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड असल्याने ती चटकन वळते व चूक सुधारण्यास अवधी कमी देते.

गैरसमज : जोराच्या वाऱ्यात लहान छत्रीच सुरक्षित.

वस्तुस्थिती : वाऱ्याविरुद्ध ती अधिक पुढे सरकते, हे खरे. परंतु तोच वेग निर्वात दिवशी जमिनीलगत फ्लेअर करून, म्हणजे दोन्ही ब्रेक नेमक्या क्षणी ओढून, मोडावा लागतो. तो क्षण चुकला तर वेग शिल्लक राहतो. आपल्या छत्रीला न झेपणारा वारा सुटला असेल, तर जमिनीवर थांबणे हाच त्यावरील उपाय होय.

गैरसमज : स्वयंचलित यंत्र आहे, ते वाचवील.

वस्तुस्थिती : वेस्टफालियातील बाड व्युनेनबेर्ग येथील एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या ‘सायप्रेस’ यंत्राने असंख्य प्राण वाचविले, ही जर्मनीची या क्रीडेला मोठी देणगी आहे. पण त्याचा नेहमीचा प्रकार सुमारे २२५ मीटर उंचीवर, उतरण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरहून अधिक असेल तरच राखीव छत्री मोकळी करतो. सुस्थितीत उघडलेल्या छत्रीखाली जमिनीलगत घेतलेल्या चुकीच्या वळणाची जोखीम हे यंत्र निवारू शकत नाही, आणि अनेक प्राणघातक अपघात अशाच वळणांत घडले आहेत.

म्हणून वाचकहो, माप बदलायचे असेल तर एका वेळी एकच पायरी उतरा, अनुभवी प्रशिक्षकाला आपले उतरणे दाखवून त्याचा अभिप्राय घ्या, आणि तो ‘अजून नको’ म्हणाला तर ते मनापासून कबूल करा. मोठ्या छत्रीखाली घालविलेला एखादा अधिक हंगाम वाया जात नाही. मोडलेला पाय मात्र कित्येक हंगाम हिरावून नेतो.