चित्र कोणासाठी, आवाज कोणासाठी?

कळंबच्या वर्गात भूकंपाचा धडा निघाला, की किल्लारीचे नाव येणारच. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मुलांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली असते. पण भूकंपाच्या प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन लहरी असतात, हे त्यांना कसे समजावायचे?

एक सल्ला आपण नेहमी ऐकतो. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही हाताने करून. तेव्हा ज्याला त्याला त्याच्या शैलीचे साधन द्यावे. ऐकायला हे पटते. पण ते खरे ठरवायचे तर कसोटी हवी. 'पाहणाऱ्या' मुलांपैकी निम्म्यांना चित्रे आणि निम्म्यांना नुसते शब्द द्यायचे. 'ऐकणाऱ्यां'च्या बाबतीतही तसेच करायचे. शैलीप्रमाणे साधन मिळालेली मुले दोन्ही गटांत पुढे गेली, तरच सल्ला खरा. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा अशी कसोटी फार थोड्या ठिकाणी घेतलेली आढळली आणि सल्ल्याला पुरेसा आधार मिळाला नाही.

मग बहुमाध्यमे निरुपयोगी का? मुळीच नाही. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून असे दिसले, की नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र मिळून शिकणे अधिक चांगले होते. म्हणजे माध्यम निवडायचे ते मुलाचा प्रकार पाहून नव्हे, आशय पाहून. आणि ते सगळ्या वर्गासाठी.

आपला धडाच घ्या. प्राथमिक लहरीत खडकाचे कण लहरीच्या दिशेनेच पुढे-मागे होतात, दुय्यम लहरीत ते आडवे हलतात. ही हालचाल आहे, म्हणून चलच्चित्र दाखवा आणि सोबत तोंडाने सांगा. पडद्यावरचा मजकूर मात्र जसाच्या तसा वाचू नका. चित्र पाहू की अक्षरे, असा मुलांचा गोंधळ होतो. वीज गेली, तर मुलांना रांगेत उभे करून पाठीमागून हलका धक्का पुढे पाठवा. मग हात धरून रांग डावी-उजवीकडे हलवा.

पुढची पायरी फळ्यावरची. किल्लारी कळंबपासून सरळ रेषेत सुमारे ८० कि.मी. प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला ६ कि.मी. आणि दुय्यम लहरीचा ३.५ कि.मी. धरला, तर पहिली सुमारे १३ सेकंदांत पोहोचेल आणि दुसरी २३ सेकंदांत. मधल्या १० सेकंदांवरून केंद्र किती दूर, हे काढता येते. येथे चलच्चित्रापेक्षा खडू आणि गणितच उपयोगी.

साधने आता दूर राहिलेली नाहीत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कोडमागे काय ठेवायचे, हे ठरवणारा मात्र शिक्षकच.

अर्थात, ज्या मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याला वेगळे साधन द्यावेच लागते. ती त्याची गरज आहे, शैली नव्हे. बाकीच्यांच्या कपाळी 'हा ऐकून शिकणारा' अशी चिठ्ठी लावली, तर उद्या त्याच्यापुढे आकृती ठेवायचे आपणच टाळू. आकृती वाचायची सवय तर त्यालाच अधिक हवी!