श्वासाची रोजनिशी

घरात कोणास ज्वर आला तर कपाळास हात लावताच तो कळतो. जखम झाली तर रक्त दिसते. परंतु रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागला तर तो हातास कळत नाही आणि डोळ्यांस फार उशिरा दिसतो. ज्या कुटुंबात फुप्फुसाच्या जुनाट विकाराने पीडित असे एखादे माणूस आहे, त्या कुटुंबास या अदृश्य गोष्टीवर नजर कशी ठेवावी याचा विचार करणे भाग आहे. आम्ही तो विचार उशिरा केला. तसा उशीर आमच्या वाचकांकडून होऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आमचे घर परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरी या गावी आहे. आमच्या थोरल्या वहिनी लग्न होऊन या घरी आल्या, तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षे चूल त्यांच्याच हाती होती. हा कापसाचा मुलूख. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून त्यांच्या मोळ्या परसात रचावयाच्या आणि जोडीस तुराट्या व गोवऱ्या घेऊन त्या वर्षभर जाळावयाच्या, असा येथील जुना परिपाठ. रोजचा पंधरा-वीस पानांचा स्वयंपाक. सणावारी त्याहूनही अधिक. स्वयंपाकघराच्या भिंती धुराने काळ्या झाल्या, त्या दर दिवाळीस पांढऱ्या करता आल्या. वहिनींच्या फुप्फुसांस सफेती कोण देणार?

हा विकार विडी ओढणाऱ्या पुरुषांचा, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून, धूम्रपानाचा स्पर्शही नसलेल्यांस तो कसा जडतो आणि लाकूड, शेणी, काटक्या यांच्या धुराचा त्यात किती मोठा भाग आहे, हे जगापुढे मांडले. श्वासनलिका हळूहळू अरुंद होत जाणे आणि हवा आत कोंडून राहणे, हे या विकाराचे स्वरूप. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सी.ओ.पी.डी. म्हणतात.

सन २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही राज्य सरकारची मोहीम निघाली. घरोघर पथके जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजू लागली, आणि कपड्याच्या चिमट्यासारखे ते लहानसे यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, खेड्यापाड्यांतही सर्वांच्या ओळखीचे झाले. पुढे आमच्या नातवाने एक विकत आणले. वहिनी झोपाळ्यावर बसल्या असता त्यांच्या बोटास ते लावले. आकडा आला ९४. सर्वांनी समाधान मानले, आणि तेच समाधान आम्हांस भोवले.

दोन हिवाळे गेले. एके दिवशी सकाळी तुळशीस पाणी घालून परतताना वहिनी ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या. ओठ निळसर काळे पडले होते, वाक्य पुरे होण्याआधी श्वास तुटत होता. यंत्र लावले तो आकडा ८३! तसेच त्यांस परभणीस नेले. जीव स्थिरावल्यावर काही दिवसांनी जोराने फुंकर मारावयास लावून फुप्फुसांची परीक्षा झाली. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. त्यानंतर डॉक्टरांनी वहिनींस एक साधा प्रश्न विचारला: “आजी, दोन वर्षांपूर्वी कोणती कामे करीत होता, जी आता करीत नाही?”

ते उत्तर ऐकून आम्ही ओशाळलो. माळवदावर वाळवण घालावयास जाणे त्यांनी सोडले होते. देवांचे पाणी सून आणीत होती. मारुतीच्या देवळापर्यंतची फेरी तुळशीपुरती उरली होती. वेणीसुद्धा त्या मध्ये दोनदा हात टेकून घालीत. “वय झाले भाऊजी, आता सुना आहेत ना घरात,” हे त्यांचे वाक्य आम्ही कौतुकाने ऐकत आलो होतो. वस्तुतः विकार वाढत होता आणि त्या मानाने हालचाल घटत होती; म्हणून धाप कोणास दिसत नव्हती. बसल्या जागीचा आकडा बसल्या जागीचीच साक्ष देतो. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

साक्षीदाराची साक्ष घ्यावयाची तर त्याची योग्यता जाणली पाहिजे. हे यंत्र बोटातून दोन प्रकारचे किरण पाठविते; एक तांबडा, दुसरा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू सोडून आलेले रक्त हे दोन किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतात. त्यावरून रक्तातील शंभर भागांपैकी किती भाग भरलेले आहेत याचा हिशेब निघतो. जपानातील निहोन कोहदेन या संस्थेतील ताकुओ आओयागी यांस १९७४ च्या सुमारास ही युक्ती सुचली. ते करीत होते निराळेच मापन, आणि नाडीच्या ठोक्याने त्यात व्यत्यय येत होता. तो व्यत्यय दूर करता करता त्यांच्या ध्यानी आले की या ठोक्यानेच धमनीतील रक्त ओळखता येईल. हे आओयागी २०२० साली, त्यांचे यंत्र जगभर घरोघर पोहोचत असतानाच, निवर्तले.

ठोका नीट लागला नाही तर यंत्र फसते. बोटे गार असली तर आकडा खोटा येतो, आणि परभणीची थंडी काही सामान्य नव्हे. २०१८ च्या डिसेंबरात येथे पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. एकदा भल्या सकाळी वहिनींचा आकडा ८१ दिसला आणि घरात धावपळ उडाली. त्या मात्र शांतपणे बोलत होत्या. हात चोळून ऊब आणल्यावर तोच आकडा ९३ झाला. नखांवरील गडद मेंदी व रंग आणि हाताची हालचाल यांनीही घोटाळा होतो. त्वचा सावळी असल्यास यंत्र खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखवू शकते; अमेरिकेतील रुग्णांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा दोष ठळकपणे पुढे आला. बंद खोलीत शेगडी पेटवून बसणारांस तर अधिकच सावधगिरी हवी. कोळशाच्या विषारी वायूने भरलेले रक्त या यंत्रास प्राणवायूने भरल्यासारखेच भासते. माणूस गुदमरत असता आकडा उत्तम दिसेल.

म्हणून मोजण्याची रीत ठरवून घ्यावी. पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, हात उबदार करून मांडीवर टेकवावा, तर्जनी किंवा मधले बोट घ्यावे, आणि आकडा एका जागी ठरेपर्यंत मिनिटभर थांबावे. रोज एकाच वेळी आणि एकाच बोटावर मोजल्यास तुलना सोपी पडते. डॉक्टरांची अनुमती असेल तर ओसरीपासून तुळशीपर्यंत एक फेरी करवून लगेच पुन्हा मोजावे. आमच्या घरी खरे ज्ञान झाले ते या दुसऱ्या आकड्याने.

निरोगी माणसाचा आकडा बहुधा ९५ च्या वर असतो. जुनाट विकार असलेल्यांचा त्याहून कमी असणे शक्य आहे. आपल्या माणसाचा नेहमीचा आकडा कोणता आणि किती खाली आल्यास निघावयाचे, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. नेहमीपेक्षा तीन-चार अंकांची घट पुन्हा मोजूनही टिकली, तर त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. निराळी सूचना नसता विसाव्याच्या स्थितीत ८८ किंवा त्याखाली आल्यास रुग्णालय गाठावे. वाक्य पुरे न होणे, ओठ व जीभ निळसर होणे, छातीत दुखणे, भ्रम होणे किंवा माणूस विलक्षण पेंगू लागणे, ही चिन्हे दिसली तर आकडा काहीही असो, थांबू नये. सकाळची डोकेदुखी आणि पेंग ही रक्तात अंगारवायू साचल्याची खूण असू शकते, आणि तो वायू हे यंत्र मोजीतच नाही.

येथे जुन्या वैद्यांचे स्मरण होते. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वासाच्या वर्णनात रोग्यास आडवे होताच त्रास वाढतो आणि उठून बसल्यावर बरे वाटते, ढगाळ व थंड हवेत पीडा अधिक होते, हे सारे नोंदले आहे. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते, पण डोळे होते. आपल्याजवळ यंत्र आहे, म्हणून डोळे मिटावेत असे नाही.

आता आमच्या घरी एक साधी वही आहे. तीत तारीख, बसलेला आकडा, चाललेला आकडा, कफ किती व कोणत्या रंगाचा, रात्री उशा किती लागल्या, पायांवर सूज आहे की नाही, आणि काल जे काम केले ते आज झाले की नाही, एवढे धाकटी सून लिहिते. मागील हिवाळ्यात एका सकाळी आकडा नेहमीचाच, ९२ होता. पण वहीत दोन दिवस पिवळा कफ आणि एका उशीच्या दोन उशा झालेल्या दिसल्या. आकड्यावर विसंबलो असतो तर स्वस्थ बसलो असतो. वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. औषध वेळेवर सुरू झाले आणि रुग्णालयात राहण्याची पाळी आली नाही.

प्राणवायू देण्याविषयी दोन शब्द. ज्यांच्या रक्तात तो विसाव्यातही फारच कमी राहतो, अशा रुग्णांस रोज निदान १५ तास तो दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० व १९८१ साली अमेरिका व इंग्लंड येथील परीक्षांनी दाखविले. परंतु अधिक दिला म्हणजे अधिक चांगले, ही समजूत घातक आहे. या विकारातील पुष्कळांस ८८ ते ९२ एवढीच मर्यादा पाळावयास सांगतात. त्याहून वर नेल्यास अंगारवायू साचण्याचा धोका असतो. तेव्हा यंत्राची कळ घरच्या प्रेमाने फिरवू नये. आणि ज्या खोलीत प्राणवायू चालू आहे तेथे निरांजन, समई, उदबत्ती काही पेटवू नये. प्राणवायूच्या सान्निध्यात ठिणगीचा भडका होतो. वहिनींस पुढे कधी तो लागलाच, तर त्यांची खोली देवघरापासून दूर असावी म्हणून आम्ही आताच माजघरापलीकडची खोली रिकामी करून ठेविली आहे.

घरात गॅस येऊन पुष्कळ वर्षे झाली. तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब परसात पऱ्हाट्यांवरच पेटत होता, आणि त्याचा धूर थेट वहिनींच्या खिडकीत येत होता, हे वही लिहू लागल्यावर लक्षात आले. बंब हलविला. वहिनी आता इन्हेलरचे औषध नेमाने घेतात आणि तुळशीच्या दोन फेऱ्या करतात. देवळापर्यंत जाणे मात्र पुन्हा साधले नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी चुलीपुढे आयुष्य घालविलेली आई, काकू किंवा आजी असेल, त्यांनी तिच्या बोटास यंत्र अवश्य लावावे. पण त्याआधी तिच्याजवळ बसून डॉक्टरांनी विचारला तो प्रश्न विचारावा. पूर्वी करीत असे आणि आता करीत नाही, असे काय काय आहे? “वय झाले” या उत्तराने मात्र समाधान मानू नये.